मौनीबाईंची खुर्ची

आमच्या ऑफिसात वेबसाइट बनतात, आणि बनवणाऱ्या आम्हाला त्या फार आवडतात. त्या वापरताना लोकांचं काय होतं, ते बघायला मौनीबाई. हे नाव अर्थात आम्हीच पाठीमागे ठेवलेलं.

बाई आधी बारा वर्षं एका बँकेत चौकशीच्या खिडकीमागे होत्या. इथे त्यांचं काम एवढंच: बाहेरच्या माणसाला कॉम्प्युटरसमोर बसवायचं, एक काम सांगायचं, मागच्या खुर्चीत वही घेऊन बसायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. माणूस चुकू दे, वैतागू दे, बाई ढिम्म. आमच्यापैकी कुणी "अहो, ते उजवीकडचं बटण" म्हणालं, की सरळ खोलीबाहेर. मला दोनदा काढलंय. वर, "घरी त्यांच्या शेजारी तुम्ही बसणार आहात का?"

मला हा सगळा रिकामटेकडा उद्योग वाटायचा. बटण दिसत नसेल तर चष्मा लावा ना.

मग डोळ्यांच्या हॉस्पिटलची वेबसाइट नव्याने करायचं काम आलं. जुनीही आमचीच, त्यातला तारीख घ्यायचा फॉर्म मी लिहिलेला. आधी ती जुनी वापरून बघायला बाईंना सहा वयस्कर माणसं हवी होती, त्यातलं एक ऐनवेळी आलं नाही. माझे बाबा, गॅरेजमधून निवृत्त झालेले मेकॅनिक, त्याच हॉस्पिटलचे पेशंट. उजव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन, चुकवलं तर नजर जाईल असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी ऑफिसात असताना ते एकटेच जाऊन यायचे. म्हटलं, त्यांनाच आणतो, त्यांना तर सवय आहे. तोंड बंद ठेवायच्या अटीवर बाईंनी मलाही आत बसू दिलं.

बाबांनी एका बोटाने नाव घातलं, वय घातलं. मोबाइल नंबर घातला: पाच आकडे, मध्ये जागा, पुढचे पाच. गॅरेजच्या पाटीवर आयुष्यभर तसाच लिहिलेला. बटण दाबलं आणि फॉर्म कोरा. पुन्हा सगळं भरलं, पुन्हा कोरा.

मला लगेच कळलं. दहा आकडे सलग नसतील तर फॉर्म घ्यायचा नाही, हे मीच लिहिलं होतं. का घेत नाही, ते माणसाला सांगायचं मात्र राहून गेलं होतं. मी उठायला लागलो, तर बाईंनी माझं मनगट धरलं.

तिसऱ्यांदा कोरा झाल्यावर बाबांनी माउस बाजूला ठेवला. "घरीपण असंच होतं. आधी फोनवर तारीख द्यायचे, आता फोन केला तर म्हणतात, वेबसाइटवरच भरा. माझंच काहीतरी चुकत असणार."

तोंड बंद ठेवायची अट मी विसरलो. "म्हणजे इंजेक्शन?"

"दोन महिने नाही गेलो."

मला मात्र दर वेळी सांगायचे, जाऊन आलो, सगळं ठीक आहे.

तेव्हा मौनीबाईंनी स्वतःचा नियम मोडला. खुर्ची ओढून त्या बाबांच्या शेजारी बसल्या. "काका, तुमचं काही चुकलेलं नाही. आमचं चुकलंय." मग हॉस्पिटलला फोन लावला आणि दुसऱ्या दिवशीची वेळ मिळेपर्यंत ठेवला नाही. फॉर्म दुरुस्त करायला मला वीस मिनिटं लागली, आणि ती वीस मिनिटं माझी मलाच लाज वाटत होती.

डोळा वाचला, पण पूर्ण नाही. तक्त्यावरच्या खालच्या दोन ओळी आता बाबांना दिसत नाहीत. हॉस्पिटलमधून परत येताना मी कसाबसा म्हणालो, "बाबा, तो फॉर्म मी केला होता."

"माहीत होतं रे," बाबा म्हणाले. "तू केव्हाच दाखवला होतास की मला, किती खूश होऊन. म्हणून तर बोललो नाही."