ट्रायपॉड पक्का हाय!

चार जुने भिलाईकर एकत्र बसले की किस्से संपता संपत नाहीत. एकाने तोंड उघडलं की दुसऱ्याला आणखी दोन आठवतात. पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी आणि मेश्राम बांधकामाचे फोटो काढायचो, त्यामुळे माझ्या वाट्याला आले ते आमच्या लाकडी ट्रायपॉडचे किस्से!

*

भट्टीच्या पायाचे फोटो एकदा सगळेच हललेले आले. शेजारी खांब ठोकायचं मशीन दिवसभर धाडधाड करत होतं. साहेब भडकले, ट्रायपॉड काय शोभेला दिलाय का म्हणाले. मेश्राम शांतपणे म्हणाला, "साहेब, ट्रायपॉड पक्का हाय. भिलाईच हालून राहिली."

*

शेडमध्ये उजेड कमी, शटर बराच वेळ उघडं ठेवायचं, म्हणून ग्रुप फोटोसाठी सगळ्यांना पुतळ्यासारखं उभं केलं. नेमका तेव्हाच जेवणाचा भोंगा झाला. फोटोत सगळे पुसट, स्पष्ट आला तो फक्त खुर्सीपारचा एक वेल्डर, तोंडावर मास्क ओढून बसल्या जागी झोपलेला. साहेबांनी तो फोटो ऑफिसात लावला. कामात इतका गढलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता म्हणे!

*

मेश्राम चरोद्याला भावाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहायचा. एका रविवारी तातडीचं काम निघालं, मी त्याला आणायला गेलो. ट्रायपॉड अंगणात उभा, आणि त्याला दह्याचं फडकं टांगलेलं! वहिनी म्हणाल्या, "चक्का होऊ द्या, भाऊजी. भट्टी का पळून जाऊन राहिली?" आम्ही श्रीखंड खाऊनच निघालो.

*

पण उतई गावची गोष्ट वेगळी. त्या दिवसांत गावोगाव धास्ती होती. शेतात तीन पायांचं यंत्र लागलं की मोजणी होणार आणि जमीन कारखान्यात जाणार. आम्हाला धानामागे दिसणाऱ्या कारखान्याच्या चिमण्यांचा फोटो हवा होता. ट्रायपॉड लावला, तर शेताची म्हातारी मालकीण धावत आली आणि त्याचे पाय धरूनच बसली. एवढ्याच तुकड्यावर घर चालतं, म्हणाली. मला फार वाईट वाटलं.

मेश्रामने हात जोडून समजावलं, ही मोजणी नाही, नुसता फोटो आहे. तिने सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. पटलं बुवा एकदाचं, असं आम्हाला वाटलं.

मग ती उठली. कॅमेऱ्यासकट ट्रायपॉड खांद्यावर घेतला, बांध ओलांडला आणि पलीकडच्या शेतात नीट रोवून उभा केला.

"ले, अब खींच फोटू," ती म्हणाली. "वो खेत मोर आय, ये खेत मोर देवर के आय."