झाडाचं तेवढंच खाणारी सखू

मंडणगडाकडच्या एका वाडीत सखू नांदत होती. नवरा गंगाराम तापट. एकदा गाईचं वासरू दावं तोडून आचळाला लागलं आणि धारेचं दूध पिऊन गेलं. गंगारामने हातातला सोटा त्याच्या डोक्यात घातला. वासरू जागीच आडवं झालं, नाकातून रक्त आलं. दोन दिवसांनी त्याच्याच कातड्यात पेंढा भरून त्याने ते गाईपुढे उभं केलं. गाय चाटत राहिली आणि तो धार काढत राहिला.

सासूने, गंगुबाईने, चहा पुढे केला. सखूने कप सरकवला. "आजपासून दूध नको. मटण, मासळी, अंडं, काहीच नको."

वाडीला हसायला विषय मिळाला. शिमग्याला घरी भावकी जेवायला बसली तेव्हा चुलतसासरे आत्माराम म्हणाले, "माळ घातलीस काय गो?"

"नाय. माळकरी दूध पितात. जमिनीतून उगवतं, झाडाला लागतं, तेवढंच मी खाणार."

"म्हंजे गुरासारखं!" कोणीतरी बोललं आणि पंगत खो खो हसली.

भावकीसमोर झालेलं हसू गंगारामच्या वर्मी लागलं. तो उठला, सखूचे केस धरून तिला भिंतीशी दाबून मटणाचा तुकडा हाडासकट तिच्या तोंडात कोंबू लागला. ओठ फाटला, पुढचा दात तुटला. पंगतीतलं कोणी उठलं नाही. सखूच्या हाताला कोपऱ्यातलं मुसळ लागलं. तिने ते उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

रक्ताबरोबर दात थुंकून ती म्हणाली, "माझ्या पोटात काय जायचं ते मी ठरवीन."

मग तिने मुसळ टाकून दिलं. जिवाला इजा नको म्हणून घास सोडला, आणि आपणच माणसाचं हाड मोडलं! त्या आवाजाने तिला कितीतरी दिवस जेवण गेलं नाही.

हाताला प्लास्टर असेतो गंगारामला तिनेच भरवलं. कुळथाचं पिठलं, नारळाच्या रसातली फणसाची भाजी. तो मान खाली घालून गिळायचा. मनगट वाकडंच बसलं. पुढे घरात दोन चुली झाल्या. एकीवर गंगुबाई लेकासाठी मासळी रांधी, दुसरीवर सखू आपलं.

गंगारामने परत हात उगारला नाही. सखूनेही त्याला माफ केलं नाही.