लपवलेल्या खिडक्या

आमच्या ऑफिसातल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रामरबाईंना आम्ही मावशी म्हणतो. त्यांना दोन गोष्टींची शिसारी आहे: उष्टा कप टेबलावर टाकून जाणाऱ्यांची आणि उघडलेली खिडकी न आवरणाऱ्यांची. खिडकी म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. आम्ही हॉस्पिटलांसाठी प्रोग्राम लिहितो. वॉर्डातल्या प्रत्येक पेशंटची पडद्यावर एक खिडकी असते, तिच्यातलं घड्याळ वेळ मोजत राहतं, आणि त्याचं सलाईन संपत आलं की तिच्यातली बेल वाजते.

मावशींचं म्हणणं सरळ. "खिडकीतल्या प्रत्येक वस्तूची आई कोण, ते आधी ठरवा. आई गेली की लेकरांनी मागे रेंगाळायचं नाही. बेलनंसुद्धा." खिडकी बंद झाली की ती मेमरीतूनही पुसली गेली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. पण एकदा गिऱ्हाइकासमोर कोणीतरी खिडकी पुसली आणि तिचं घड्याळ थांबवायला विसरला. घड्याळ गेलं नाहीशा झालेल्या खिडकीला हाक मारायला, आणि अख्खा प्रोग्राम आडवा झाला. साहेबांची पार शोभा झाली. त्या दिवशी त्यांनी फतवा काढला: पुसायचं काही नाही, नुसतं लपवायचं.

पाहुणे आले की पसारा पलंगाखाली ढकलतात ना, तसली ही अक्कल! पेशंट घरी जायचा, खिडकी दिसेनाशी व्हायची, आणि आत बेल आपली जिवंतच. मावशी सांगून सांगून थकल्या. साहेबांचं एकच पालुपद, "मावशी, चालतंय ना? मग कशाला हात लावता?" ते 'चालतंय ना' ऐकलं की मला अक्षरशः ओकारी येते.

मग मावशींचा थोरला भाऊ आजारी पडला आणि आमचाच प्रोग्राम असलेल्या एका वॉर्डात दाखल झाला. दुपारी मावशी भेटायला गेल्या, तर बेल ठणाणा वाजतेय आणि सिस्टर शांतपणे कापूस कापतेय. दादांची बाटली रिकामी, नळीत रक्त चढलेलं. मावशी ओरडल्या तेव्हा सिस्टर धावली.

"अहो, दिवसभर वाजतच असते ती," सिस्टर रडकुंडीला येऊन म्हणाली. "घरी गेलेल्यांचीसुद्धा वाजते. कुठल्या कुठल्या बेलला उठू?"

तिच्यावर काय रागावणार?

दुसऱ्या दिवशी मावशींनी साहेबांना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मग स्वतः बसून सगळं नीट लावून दिलं: आधी घड्याळ थांबणार, मग बेल जाणार, मग खिडकी. साहेबांनी मान डोलावली. "आजच तिकडे बसवतो," म्हणाले.

दादांना घरी सोडलं त्या दिवशी बॅग उचलायला मी बरोबर होतो. सिस्टरनं दादांची खिडकी बंद केली. मावशी मात्र पडद्यासमोरून हलेनात.

"चल की," दादा म्हणाले.

"थांब रे जरा."

थोड्या वेळानं बेल वाजली. पडद्यावर दादांचं नाव, खाली 'सलाईन संपत आलं'. दादा आमच्या शेजारी उभे, हातावर नुसती चिकटपट्टी.

साहेबांनी काहीही बसवलं नव्हतं. मी तिथूनच फोन लावला. "काय, चालतंय ना सगळं?" त्यांनीच आधी विचारलं. मला थुंकावंसं वाटलं.

"मी अजून आतच आहे म्हणे," दादा हसले. मावशी हसल्या नाहीत.

बेल पुन्हा वाजली. कोणाची, ते बघायला वॉर्डात कोणी मान वर केली नाही. मावशी पडद्याकडे पाठ करून एकेका पलंगापाशी जाऊन बाटल्या बघू लागल्या. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याची रिकामी होती.