चेटकीणबाईंकडचं पितरांचं पान

तोक्योजवळच्या उरायासुतल्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक ब्रिटिश बाई राहतात. जपानी नवरा गेला, तरी त्या इथेच राहिल्या. आमची ओळख कचऱ्याच्या जागी झाली. कावळे पिशव्या फाडतात म्हणून इथे कचऱ्यावर जाळी टाकायची असते, आणि मी ती कधी धड टाकत नसे. त्या मागून येऊन नीट करायच्या आणि म्हणायच्या, "मी चेटकीण आहे, मला सगळं दिसतं." मला वाटलं, थट्टा करताहेत. पण बाई खरोखरच चेटकीण निघाल्या. विका हा त्यांचा धर्म.

मी पडले पुण्याची, आमच्याकडे जे ते हजारो वर्षांचं. जरा ऐटीतच विचारलं, "तुमचं किती जुनं?"

"साधारण माझ्याच वयाचं."

मग चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. इंग्लंडमध्ये चेटूकविरोधी जुना कायदा गेल्या शतकाच्या मध्याला रद्द झाला, आणि एक निवृत्त सरकारी नोकर उघडपणे म्हणू लागला की आमचा पंथ फार प्राचीन आहे. लोकांनी मानलं. पुढे अभ्यासकांनी ते खोडून काढलं. बरंचसं इकडूनतिकडून जमवलेलं होतं. तोवर ते अमेरिकेत पोचलं होतं, देवीला मानणारा धर्म म्हणून तिथल्या स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायकांनी आपलंसं केलं होतं. मग पुस्तकांतून, इंटरनेटवरून जगभर. तोक्योत बाईंचंही एक मंडळ होतं. कुणाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, कुणी मायदेशी गेलं, आता त्या एकट्याच सगळं करतात.

"खोटं ठरलं तरी सोडलं नाही?" मी विचारलं.

"नवं ठरलं. खोटं नाही," त्या म्हणाल्या.

त्याच उन्हाळ्यात माझी आई गेली. इथे माझी मुलगी हॉस्पिटलात होती, मला निघता आलं नाही. दहाव्याला दादाने घाटावरून फोन केला, कावळा शिवत नाहीये. सगळ्यांनी आईला शब्द देऊन पाहिले होते. शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे मी चारचौघांत ठासून सांगते. तरी आईचा जीव कशात अडकला होता ते मला पक्कं ठाऊक होतं. दर फोनला तिचा एकच प्रश्न असे, "तिथे तुझं कोण आहे गं?" नवरा, मुलगी असं म्हटलं की म्हणायची, "ते आहेतच. तुझं कोण?"

ऑक्टोबरअखेरीस स्टेशनवर हॅलोविनचे भोपळे लागले, पोरं चेटकिणीच्या टोप्या घालून हिंडू लागली. बाईंचा तेव्हा पितरांचा सण असतो. मेलेल्या माणसासाठी पान मांडायचं आणि मुकाट्याने जेवायचं. त्यांनी मला बोलावलं. नवऱ्याचं पान त्यांनी मांडलं, शेजारी आईचं मी. तिला आवडायचे म्हणून वडे नेले होते. जेवणं झाल्यावर, उजेड होता तोवर, त्यांनी दोन्ही पानं मागच्या चिमुकल्या बागेत ठेवली आणि वर जाळी पसरली.

"कावळे मेले सगळं नेतात," त्या म्हणाल्या.

मी ती जाळी ओढूनच काढली, आणि आमच्याकडचं सगळं सांगितलं. बाईंनी जाळीची घडी करून ती बाजूला ठेवली. तेवढ्यात एक दांडगा कावळा कठड्यावर येऊन बसला. बसला तो बसलाच. पानाकडे बघायचा, मान वळवायचा. मला रडू यायला लागलं.

"आता तुमच्याकडे काय करतात?" बाईंनी हळूच विचारलं.

"शब्द देतात."

मी त्यांचा हात धरला आणि मोठ्याने म्हटलं, "आई, इथे आहे गं माझं कोणीतरी."

कावळा उतरला आणि अख्खा वडा घेऊन गेला.

मी तिथूनच दादाला फोन लावला. "दादा, शिवला."

त्याने विचारलं, "ओळखलं त्याने आईला?"

"वडा ओळखला," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही हसता हसता रडलो.