मॉनिटरवरची रेषा, बोटांखालची नाडी

डॉ. पावसकरांची आणि माझी पहिली भेट त्यांच्या रत्नागिरीतल्या रुग्णालयात, माझ्या थोरल्या भावाच्या खाटेशी झाली. दादा आमच्या गणपतीपुळ्याकडच्या बागेत आंबे उतरवताना फांदी मोडून कातळावर पडला होता. आणला तेव्हा बोलत होता. बघता बघता त्याची शुद्ध हरपली.

मॉनिटरवर मात्र हृदयाची रेषा नीट उसळत होती. ती पाहून वहिनींना धीर आला. डॉक्टरांनी दादाच्या मानेवर बोटे ठेवली आणि म्हणाले, "नाडी नाही. छाती दाबायला घ्या."

"अहो, चालू दिसतंय की!" वहिनी ओरडल्या.

"वहिनी, तिथं नुसता हुकूम दिसतोय. हृदय तो पाळत नाहीये."

हृदयाच्या स्नायूला आकुंचनाची आज्ञा विजेच्या सूक्ष्म लहरीतून मिळते. मॉनिटर ती लहर दाखवतो. रक्त पुढे गेले की नाही, हे त्या रेषेत दिसत नाही. दादाच्या तुटलेल्या बरगडीने फुप्फुसाला भोक पडले होते. छातीत कोंडलेल्या हवेच्या दाबामुळे हृदयात रक्तच शिरत नव्हते. सहकारी छाती दाबत असताना डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचा श्वास ऐकला. डावीकडे आवाज नव्हता. त्यांनी तिथे जाड सुई घातली. फुस्सकन हवा सुटली. बोटे पुन्हा मानेवर गेली.

"लागली," ते म्हणाले. तेव्हा कुठे वहिनींनी मॉनिटरवरची नजर हटवली.

डॉक्टरांच्या हाताखाली शिकणाऱ्यांना नाडी बघताना मॉनिटरकडे पाठ करून उभे राहावे लागते. कुणी मान वळवलीच, तर "परीक्षेतही शेजारच्याचा पेपर बघायचास का रे?" हा टोमणा ठरलेला.

घरी निघताना दादाने विचारले, "डॉक्टर, टीव्हीवर माझं हृदय झकास दिसत होतं म्हणे?"

"टीव्हीवर सगळेच झकास दिसतात हो. पुन्हा झाडावर चढलात तर मी येऊन खाली खेचीन."

आणि पुढच्या हंगामात, एका रविवारी, न कळवता ते खरोखरच बागेत येऊन बघून गेले.

आता दादा झाडाखाली उभा राहून गड्यांवर ओरडत असतो. पूर्वी वहिनी त्या आरडाओरड्याला कंटाळायच्या. आता तो थांबला की ओटीवर येऊन बघतात. असे आवाज कितीतरी घरांत राखणाऱ्या डॉक्टरांना पंचाहत्तरीनिमित्त आम्हा सर्वांचा नमस्कार. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, आणि त्यांच्या दटावण्या आम्हाला वर्षानुवर्षे ऐकायला मिळोत.