लॅपटॉपचं झाकण धरून बसलेली आत्या

आत्या चिडली की तिचा आवाज खाली यायचा. आम्ही घोषणा देऊन घसा फोडायचो. ती साहेबाच्या टेबलासमोर जाऊन बसायची आणि उठायचीच नाही. मला म्हणायची, "वरडून दम कावून घालवतीस? बसून ऱ्हा. उठवायची लाज त्यायला वाटू दे." शिरूर कासारात सगळेच तिला आत्या म्हणत. पावसाळ्यात आमच्या संघटनेत, हंगामात उसाच्या फडात. आता ती तिकडं कारखान्याकडंच राहते.

त्या साली ऊसतोडीच्या गाड्या निघायचा दिवस उजाडला तरी मागं राहणाऱ्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाला कुलूपच. कागदावर मात्र ते चालू होतं. संध्याकाळपर्यंत उघडलं नाही, तर आत्याची आठवीतली सोनाली आईबरोबर फडात जाणार, म्हणजे शाळा संपली. तालुक्याचे शिक्षणाधिकारी साहेब म्हणाले होते, पुरावा दाखवा. पुरावा म्हणजे त्या कुलपाचं आम्ही केलेलं चित्रण.

नेमका सकाळीच लॅपटॉपचा पडदा लुकलुकायला लागला. मधेच काळा, मधेच ठीक. मी बंद-चालू केला, नवं अपडेट काढून टाकलं, शिव्या घातल्या. झेरॉक्सच्या दुकानात नेऊन तिथल्या मॉनिटरला जोडला. तिथं चित्र स्वच्छ. आमचा पडदा झाकण हलवलं की जायचा. दुकानदार म्हणाला, बिजागरीतली पट्टी तुटत आलीय, बीडहून मागवावी लागेल, उद्या. तुटणारच. वस्त्यांवरच्या बैठकांत आम्ही तो पडदा सारखा इकडून तिकडं फिरवायचो. हट्ट आत्याचाच: "मागच्या बायायनी काय पुढच्यायची डोस्की बघायची?"

साहेबांच्या संगणकाला बाहेरचा पेन ड्राइव्ह लावायला मनाई. फोनवरचं साहेबांना बारीक दिसतं. मुलांच्या दाराला कुलूप घालताना मात्र यांचा एकही नियम आडवा आला नव्हता.

शेवटी लॅपटॉपच साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि आत्यानं झाकण हळूहळू उघडत नेलं. एका जागी चित्र टिकलं. तिथंच तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि टेबलाशी गुडघ्यांवर बसली. शिपायानं खुर्ची पुढं केली. तिनं मानेनंच नको म्हटलं. मनगटं थरथरायला लागली. पडदा गेला. साहेब उठायच्या बेतात.

"थांबा," ती अगदी हळू म्हणाली, "येतंय."

आलं. कुलूप, दारापुढं वाढलेलं गवत, कोरडी पडलेली टाकी. साहेब पुन्हा खाली बसले आणि त्यांनी फोन उचलला.

संध्याकाळी वसतिगृह उघडलं. पगारी माणसांचं काम एका बाईच्या मनगटांकडून करून घेतलं, आणि वर सत्काराचा फोटोही काढायचा होता त्यांना. आत्या तोवर गाडीपाशी पोचली होती. सोनाली दूर उभी. चढता चढता आत्या मला म्हणाली, "पोरीला ताप-बिप आला तर मला फोन करू नको. मुकादम सोडायचा न्हाई, अन् मला तिथं कोयता धरवायचा न्हाई. तू जा."

पौषात सोनाली तापली. मी गेले, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत बसले. फोन एकदा हातात घेतला. मग पालथा ठेवला आणि पट्टी बदलली.