मनकर्णाच्या हातचं निंदण

मनकर्णाचा हात तणावर पडला की तण मुळासकट बाहेर. चाळीस वर्षं तिनं पंजाबरावांच्या वावरात निंदण केलं. मग कापसात राम उरला नाही. पंजाबराव वावर पडीक टाकून अमरावतीला मुलाकडे राहायला आले. पोटामागं मनकर्णाही आली आणि राजापेठेजवळच्या सार्वजनिक बागेत रोजंदारीवर लागली. काम काय, तर हराळीची राखण! जिला वावरात जन्मभर शिव्या घातल्या, तिलाच इथं हिरवळ म्हणायचं, उन्हाळ्यात टँकरचं पाणी पाजायचं आणि मध्ये दुसरं काही उगवलं तर तेवढं उपटायचं. शहराची अक्कल ही अशी. पण रोजी मिळत होती, म्हणून तिनं तेही केलं.

पुढं बागेवर प्रणालीमॅडम नव्या अधिकारी म्हणून आल्या. त्यांनी हिरवळ खरवडून काढली, मधोमध जमीन खोलगट केली, रस्त्यावरून वाहणारं पावसाचं पाणी तिकडं वळवलं आणि त्यात लावलं काय? तरोटा, कुर्डू, आघाडा, केना! म्हणे टँकर वाचेल, पाणी मुरेल, मधमाश्या येतील.

मनकर्णाच्या अंगाचा तिळपापड झाला. "हे उपटू उपटू आमची कंबर मोडली, अन् ह्या बाईनं तेच रोपलं! मंग माह्या हाताले काम काय रायलं?" खरी भीती हीच होती. तणच ठेवायचं म्हटल्यावर निंदणारी कशाला लागते?

पंजाबराव रोज सकाळी बागेत फिरायला येत. बसायची हिरवळ गेली म्हणून तेही जळफळत होते. "उपटून फेक ना, मनकर्णे," ते म्हणाले. "मी हावो ना तुह्या मांगं."

मालकाचाच शब्द. मंगळवारी दिवस उगवताच ती खुरपं घेऊन बसली आणि दोन तासांत सगळं साफ केलं.

मॅडम आल्या. ढिगातली चार रोपं त्यांनी उचलून पाहिली. एकाचंही मूळ तुटलं नव्हतं. एवढ्या सफाईनं उपटणारा हात बागेत एकच होता.

"का केलंत हे, मनकर्णाबाई?"

तिनं बाजूलाच उभ्या असलेल्या पंजाबरावांकडे पाहिलं.

"मले काय मालूम?" ते म्हणाले. "मी तं फिराले येतो."

असा संताप तिला उभ्या जन्मात आला नव्हता.

"मुळं शाबूत आहेत," मॅडम म्हणाल्या. आवाजात माया नव्हती. "दुपारच्या आत सगळं परत लावा. नाहीतर उद्यापासून येऊ नका."

ती लावत बसली, एकेका रोपाला शिव्या देत. तण ते तण; तिचं मत तसूभर बदललं नव्हतं. तेवढ्यात पंजाबराव जवळच्या वाटेनं निघाले आणि त्यांचा जोडा नुकत्याच लावलेल्या कुर्डूवर पडला.

"पाय उचला, मालक," ती वर न बघता म्हणाली. "तण तुडवाची एवढी हौस असन तं आपल्या वावरात जा. तिथं कंबरभर माजलं हाये."

चाळीस वर्षांत ती त्यांच्याशी असं बोलली नव्हती. पंजाबरावांनी पाय उचलला.